इम्प्लांटआधी जबड्याचं हाड आणि हिरडी ‘वाढवायची’ म्हणजे नेमकं काय करतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ५६. वरच्या डाव्या बाजूच्या दोन दाढा आठेक वर्षांपूर्वी किडल्या म्हणून काढल्या. आता इम्प्लांटसाठी, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावण्यासाठी, गेल्यावर एका डॉक्टरांनी स्कॅन काढून सांगितलं की तिथे हाड जेमतेम ४ मिलिमीटर उरलंय आणि हिरडीही कमी आहे. आधी सायनस लिफ्ट आणि ग्राफ्ट, मग इम्प्लांट, सगळं मिळून नऊ-दहा महिने. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं की हाडबिड भरायची काही गरज नाही, तीन दिवसांत पक्के दात देतो. खरं कोणाचं मानायचं? भरतात ते हाड कुणाचं असतं, आम्ही तर शाकाहारी. शिवाय उजवीकडची एक दाढ हलतेय, तीही काढायला सांगितली आहे.

मी पेरिओडॉन्टिस्ट, म्हणजे हिरड्यांचा डॉक्टर. वीस वर्षांहून जास्त काळ हेच काम करतोय. स्कॅन न बघता ‘अमुकच करा’ असं मी सांगणार नाही. पण दोघांनी जे सांगितलं त्याचा अर्थ काय, एवढं नक्की सांगता येईल.

आधी हाड गेलं कुठे ते बघू. दाताभोवतीचं हाड हे दातासाठीच असतं. मुळाला लागून हाडाचा एक पातळ थर असतो, त्याचं रक्त आणि त्याचं काम, दोन्ही दाताच्या मुळाशी बांधलेलं. दात गेला की त्या थराचं प्रयोजनच संपतं आणि शरीर तो मोडीत काढतं. बाहेरची, म्हणजे ओठ-गालाकडची भिंत मुळातच पातळ. वरच्या पुढच्या दातांवर तर ती बऱ्याचदा एक मिलिमीटरसुद्धा नसते. त्यामुळे ती आधी ढासळते. डेन्मार्कमधल्या आरहुसच्या डॉक्टरांनी २००३ साली दाढा-उपदाढा काढलेल्या रुग्णांची वर्षभर मोजणी केली होती. वर्षात हाडाची रुंदी साधारण निम्म्याने घटली, आणि त्यातली दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतली होती. म्हणजे ‘बघू सावकाश’ म्हणून जे तीन महिने जातात, तेच सगळ्यात महाग पडतात.

वरच्या दाढांच्या बाबतीत दुखणं दुहेरी. त्यांच्या मुळांच्या डोक्यावर सायनस असतो, वरच्या जबड्याच्या हाडातली हवेची पोकळी. दाढा गेल्या की ती पोकळी खाली पसरते. खालून हाड झिजतंय, वरून सायनस उतरतोय, आणि आठ वर्षांनी मधे उरतात ४ मिलिमीटर. त्यामुळे पहिल्या डॉक्टरांनी सांगितलेला आकडा मला अजिबात अतिशयोक्त वाटत नाही. अशी स्कॅन महिन्यातून चार-पाच तरी येतात.

आता ४ मिलिमीटरचं करायचं काय? दाढेच्या जागी साधारण ८ ते १० मिलिमीटर लांबीचा इम्प्लांट आम्ही पसंत करतो. रुंदीचाही हिशेब असतो. साडेचार मिलिमीटर जाडीचा इम्प्लांट बसवायचा तर गालाकडे दीड-दोन आणि टाळूकडे एक मिलिमीटर हाड उरलं पाहिजे, म्हणजे सगळं मिळून सात मिलिमीटर तरी रुंदी हवी. तुम्ही फक्त उंची सांगितली आहे. रुंदी किती आहे हे विचारून घ्या, कारण रुंदीही कमी असेल तर शस्त्रक्रियेचं स्वरूप बदलतं.

सायनस लिफ्टच्या दोन पद्धती. हाड सहा-सात मिलिमीटर असेल तर इम्प्लांटसाठी पाडलेल्या भोकातूनच सायनसचा तळ हलकेच वर ढकलतात. अमेरिकेतल्या समर्स यांनी १९९४ मध्ये ही रीत मांडली. हाड चार-पाचच्या आत असेल तर गालाकडून खिडकी पाडावी लागते. या दुसऱ्या पद्धतीवरचा पहिला महत्त्वाचा लेख बॉइन आणि जेम्स या अमेरिकन डॉक्टरांचा, १९८० सालचा. त्यांनी रुग्णाच्या कंबरेच्या हाडातला गर आणून भरला होता. आज कंबरेपर्यंत जायची वेळ क्वचितच येते.

खिडकीची शस्त्रक्रिया आम्ही शिकलो ती कच्च्या अंड्यावर. गंमत नाही, खरंच. अंड्याच्या कवचावर पेन्सिलने चौकोन आखायचा, ड्रिलने तेवढंच कवच घासत न्यायचं आणि आतला पापुद्रा न फाडता तो सोडवायचा. बॅचमध्ये एक मित्र कडक शाकाहारी होता, त्याने दोन ग्लोव्हज् घालून अंडं हातात धरलं होतं. पापुद्रा फाटला की पांढरं बोटांवर ओघळायचं आणि सर नुसतं म्हणायचे, ‘दुसरं घ्या.’ प्रत्यक्ष तोंडात ते दृश्य असंच असतं. हाड घासत गेलं की त्याचा पांढरा रंग फिकट होत जातो आणि खालून निळसर-राखाडी छटा दिसायला लागते. तो सायनसचा पडदा, मिलिमीटरपेक्षाही पातळ. खिडकी उघडली की तो रुग्णाच्या श्वासाबरोबर हलताना दिसतो. इतक्या वर्षांनंतरही त्या क्षणी माझा स्वतःचा श्वास जरा धरला जातो. मग वाकड्या, बोथट हत्यारांनी तो पडदा हाडापासून सुटा करत वर उचलायचा आणि त्याखाली तयार झालेल्या जागेत ग्राफ्ट, म्हणजे नवं हाड धरावं म्हणून घालतात ती भुकटी, भरायचा. सायनसच्या आत काही जात नाही, पडद्याखाली जातं. हा फरक रुग्णाला कळला की निम्मी भीती जाते.

पडदा फाटू शकतो, अनुभवी हातातही. छोटी चीर असेल तर कोलॅजनचं ठिगळ लावून काम पुढे नेता येतं. मोठी असेल तर शहाणा सर्जन टाके घालून बाहेर येतो आणि काही महिन्यांनी पुन्हा जातो. त्या दिवशी रुग्णाचा चेहरा पडतो, पण फाटक्या पडद्यातून सायनसमध्ये भुकटी सांडणं त्याहून वाईट. खिडकी पाडतात त्याच भिंतीत एक रक्तवाहिनी आडवी जाते, तीही सीबीसीटीत, म्हणजे जबड्याच्या थ्रीडी स्कॅनमध्ये, आधीच बघून ठेवायची असते. म्हणून सांगतो, साध्या ओपीजी एक्स-रेवर कोणी खिडकी पाडायला निघाला असेल तर तिथून उठा.

‘हाड कुणाचं’ हा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार बरं केलंत. बरेच रुग्ण संकोचतात आणि बरेच डॉक्टर सांगत नाहीत. चार प्रकार असतात. पहिलं स्वतःचंच हाड: खालच्या जबड्याच्या मागच्या भागातून, हनुवटीतून किंवा शेजारून खरवडून काढलेलं. दुसरं मानवी दात्याचं, प्रक्रिया करून निर्जंतुक केलेलं. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक १९८८ पासून हे काम करते. तिसरं प्राण्याचं, बहुतेक वेळा गोवंशाचं. जगात सगळ्यात जास्त अभ्यास झालेली जी भुकटी आहे, स्वित्झर्लंडची बायो-ऑस, ती गोवंशाच्याच हाडाची. उष्णता आणि रसायनांनी त्यातली प्रथिनं काढून टाकतात, उरतो तो खनिजाचा जाळीदार सांगाडा. आणि चौथं कृत्रिम: हायड्रॉक्सीॲपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट वगैरे. याचा प्राण्याशी संबंध नसतो.

वरून झाकायला जो पडदा, म्हणजे मेम्ब्रेन वापरतात, तो बहुतेक वेळा कोलॅजनचा असतो. ते कोलॅजन गाईचं, डुकराचं किंवा माशाचं असू शकतं. त्यामुळे भुकटी कृत्रिम घेतली आणि मेम्ब्रेनबद्दल विचारलंच नाही, असं अर्धवट करू नका. पर्याय सगळ्यालाच आहेत. माझ्या संमतीपत्रात याचे वेगळे रकाने आहेत. जैन कुटुंब असो, मुस्लिम असो, कोणाला काय चालतं हे मी आधीच विचारून लिहून घेतो. सायनससारख्या जागेत, जिथे चारही बाजूंनी हाडाच्या भिंती आहेत, कृत्रिम भुकटी आणि सोबत स्वतःच्या हाडाचा थोडा कीस एवढ्यावर चांगलं काम होतं. म्हणजे शाकाहारी असल्यामुळे तुमच्या आईंचं काही अडणार नाही.

इथे एक गैरसमज काढतो. लोकांना वाटतं की भिंतीचं भोक बुजवावं तसं हाड ‘भरतात’. भुकटी म्हणजे हाड नव्हे. तो मांडव आहे. कारल्याच्या वेलाला मांडव घालतो तसा. वेल आईंच्या स्वतःच्या हाडातून निघणार: आधी रक्ताच्या बारीक नळ्या भुकटीच्या कणांमधून शिरणार, त्यांच्यामागून हाड तयार करणाऱ्या पेशी येणार आणि मग कणांच्या भोवती नवं हाड धरणार. काही मांडव पुढे विरून जातात, गोवंशाच्या हाडाचा वर्षानुवर्षं तसाच राहतो. पण कुठलीही कंपनी वेल विकत नाही. खिडकीच्या पद्धतीत साधारण सहा महिने थांबायला सांगतात ते याच वेलासाठी, आणि त्यात घाई करून काही साधत नाही. चौथ्या महिन्यात उघडून बघितलं तर ड्रिलला ओल्या वाळूत शिरल्यासारखं लागतं. सातव्या महिन्यात तीच जागा लाकडासारखी लागते.

हल्ली सगळीकडे पीआरएफचं नाव ऐकाल. रुग्णाचंच थोडं रक्त काढून यंत्रात फिरवतात आणि त्यातली पिवळसर, जेलीसारखी गुठळी वापरतात. फ्रान्सच्या शुक्रून यांनी २००१ मध्ये ही पद्धत पुढे आणली. मी रोज वापरतो. भुकटीत मिसळली की कण एकमेकांना धरून राहतात, जखम लवकर मिटते, सूज कमी वाटते. पण नुसत्या पीआरएफने सात मिलिमीटर हाड उगवेल असं कोणी म्हणालं तर मी विश्वास ठेवणार नाही.

आता माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग: हिरडी.

हाड टिकतं ते वरच्या झाकणामुळे. ग्राफ्टवरची हिरडी शिवताना ताणली गेली, की दहा-बारा दिवसांत टाके उसवतात. हे मी पुस्तकातून नाही, एका रुग्णाकडून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. किराणा दुकान चालवणारे एक गृहस्थ, खालच्या जबड्यात मागे रुंदी वाढवायची होती. हाडाचं काम मनासारखं झालं म्हणून मी खूश होतो. हिरडीच्या आतला जो चिवट थर कापून ती सैल करावी लागते, तो मी पुरेसा कापला नाही, दोन्ही कडा ओढून शिवून टाकल्या. बाराव्या दिवशी ते आले आणि म्हणाले, ‘डॉक्टर, जिभेला वाळू लागतेय.’ तोंड उघडलं तर मधोमध पांढरा पडदा उघडा आणि त्याच्या कडेने कण बाहेर येत होते. सगळं काढून धुवावं लागलं. चार महिन्यांनी दुसऱ्यांदा केलं, माझ्या खर्चाने. तेव्हापासून माझा नियम असा, की भुकटीची बाटली उघडण्याआधी हिरडी सैल करून बघायची. दोन्ही कडा एकमेकींवर तीन-चार मिलिमीटर आरामात चढल्या तरच पुढे जायचं.

हे झालं झाकणाचं. हिरडीचा दुसरा मुद्दा जातीचा. आरशासमोर उभं राहून ओठ खाली ओढा. दाताला लागून फिकट गुलाबी, घट्ट, न हलणारा पट्टा दिसेल. त्याच्या खाली लालसर, ओली, ओठाबरोबर हलणारी कातडी. पहिली ती खरी हिरडी, दुसरी गालाच्या आतल्या अस्तरासारखी. इम्प्लांटच्या मानेभोवती पहिल्या प्रकारची दोनेक मिलिमीटर तरी असावी असं आम्ही धरून चालतो. नसली तर इम्प्लांट लगेच पडतो असं नाही. पण तिथे ब्रश लागला की दुखतं, दुखतं म्हणून माणूस घासत नाही, घाण साचते, सूज येते, आणि काही वर्षांनी इम्प्लांटभोवतीचं हाड पुन्हा जायला लागतं. एवढे पैसे आणि महिने घालवून पुन्हा तिथेच.

आणखी एक गोष्ट, जी रुग्णांना सहसा कोणी सांगत नाही. रुंदी वाढवायला मोठा ग्राफ्ट घातला की त्याला झाकण्यासाठी गालाकडची सैल कातडी ओढून वर आणावी लागते. म्हणजे हाड मिळतं आणि त्याच दिवशी घट्ट हिरडी कमी होते. म्हणून हाडाच्या मोठ्या कामामागोमाग हिरडीचं काम बऱ्याचदा येतंच, आणि त्याचा खर्च-वेळ पहिल्याच अंदाजात धरलेला असावा.

हिरडी वाढवायची तर सर्वसाधारणपणे टाळूवरून दीडेक मिलिमीटर जाडीचा तुकडा घेऊन लावतात. तो बरा होताना आकसतो, म्हणून गरजेपेक्षा मोठा घ्यावा लागतो. लावलेल्या जागेपेक्षा काढलेली जागा जास्त दुखते, दहा-पंधरा दिवस. गरम पोह्यांवर जीभ-टाळू भाजल्यावर चुरचुरतं तसं, फक्त जास्त दिवस. मी टाळूवर ॲक्रिलिकची पातळ प्लेट बसवून देतो, त्याने जेवण सुसह्य होतं. पुढच्या दातांत जाडीसाठी टाळूच्या आतला थर काढून हिरडीखाली सरकवतात. त्याने इम्प्लांटचा राखाडी रंग झाकला जातो आणि आकार भरतो. दोन इम्प्लांटच्या मधलं हिरडीचं टोक मात्र खात्रीने परत आणता येत नाही. तसं वचन देणाऱ्याकडून जरा जपून.

तुमच्या आईंच्या बाबतीत दिलासा असा की जागा वरच्या दाढांची आहे. वरच्या जबड्यात टाळूकडची सगळी कातडी घट्ट जातीचीच असते. त्यामुळे हिरडीखाली झाकलेला इम्प्लांट उघडायच्या वेळी छेद थोडा टाळूच्या बाजूला घेऊन ती घट्ट हिरडी गालाकडे सरकवता येते. वेगळा तुकडा काढावाच लागेल असं नाही. पहिल्या डॉक्टरांना हे जरूर विचारा.

आता ‘तीन दिवसांत पक्के दात’. हे सरसकट खोटं नाही. ज्यांचे सगळेच दात गेलेत किंवा जाणार आहेत, त्यांच्यात इम्प्लांट तिरपे घालून, जिथे हाड आहे तिथे घट्ट पकड घेऊन, सगळे एकमेकांशी जोडून लगेच दात देता येतात. लिस्बनच्या पाउलो मालो यांनी चार इम्प्लांटवर पूर्ण जबडा उभारायची पद्धत रूढ केली. वरच्या जबड्यात हाड अगदीच नसेल तर गालफडाच्या हाडात जाणारे लांब इम्प्लांट असतात. ते आणले ब्रोनेमार्क यांनी. ब्रोनेमार्क म्हणजे ते स्वीडिश संशोधक, ज्यांनी टायटॅनियमशी हाड जुळतं हे दाखवलं आणि १९६५ मध्ये पहिल्या माणसाला इम्प्लांट बसवले. योग्य माणसात, योग्य हातात ही कामं उत्तम होतात. मीही अशा रुग्णांना मॅक्सिलोफेशियल, म्हणजे जबडा-चेहऱ्याच्या सर्जनकडे पाठवतो.

पण आईंच्या तर दोनच दाढा गेल्या आहेत. लगेच दात देण्याचं गणित पुष्कळ इम्प्लांट एकत्र बांधण्यावर उभं असतं. दोन दाढांसाठी ते बसवायचं तर कुठेतरी ओढाताण होणार. म्हणून त्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: ‘यासाठी आईचा एखादा चांगला दात काढावा किंवा घासावा लागेल का?’ उत्तर ‘हो, शेजारचे तीन-चार काढू, म्हणजे सोयीचं पडेल’ असं आलं, तर पिशवी उचला आणि घरी या. धडधाकट दात काढून त्याजागी इम्प्लांट घालणं मला पटत नाही, कितीही झटपट होत असलं तरी.

मधले रस्तेही आहेत, आणि ते तुम्हाला दोघांपैकी कोणी सांगितलेले दिसत नाहीत. रुंदी चांगली असेल आणि उरलेलं ४ मिलिमीटर हाड कडक असेल तर सायनस लिफ्ट आणि इम्प्लांट एकाच बैठकीत करता येतात. मग दहाऐवजी सहा-सात महिन्यांत काम आटोपतं. ४ हा सीमेवरचा आकडा आहे. इम्प्लांट त्या हाडात घट्ट बसतो की नाही हे टेबलावरच कळतं, म्हणून मी रुग्णाला दोन्ही शक्यता आधी सांगून ठेवतो. हाड थोडं जास्त निघालं तर ६ मिलिमीटरचे आखूड इम्प्लांट चालू शकतात. आणि दुसरी दाढ, म्हणजे पुढून मोजत सातवी, बसवायलाच हवी का? तिच्यासमोरची खालची दाढ वर सरकत नसेल आणि चावायला अडत नसेल, तर पुढची एकच बसवून थांबलं तरी बऱ्याच जणांचं छान चालतं. एक इम्प्लांट, छोटी खिडकी, निम्मा खर्च.

शस्त्रक्रियेआधी घरी चार गोष्टी तपासा. साखर: एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, साडेसातच्या वर असेल तर मी तारीखच देत नाही. हाडांच्या ठिसूळपणासाठी आई काही घेतात का? आठवड्याची गोळी, वर्षातून एकदा सलाइनमधून, सहा महिन्यांनी इंजेक्शन, यांपैकी काही असेल तर ते दाताच्या डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण या औषधांवर जबड्याचं हाड कधीकधी बरं होत नाही. ठिसूळपणासाठीच्या डोसात धोका कमी, कॅन्सरसाठीच्या मोठ्या डोसात बराच जास्त. पण स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. ती सहा महिन्यांची इंजेक्शनं अचानक थांबवली तर मणके मोडण्याची भीती असते. रक्त पातळ होण्याच्या गोळ्यांचंही तेच. आणि राग मानू नका, पण मिशरी विचारतोच. आपल्याकडे त्या वयाच्या बायका ‘तंबाखू खात नाही’ असं अगदी खरं सांगतात, कारण मिशरी त्यांच्या लेखी तंबाखू नसते, दात घासायचं असतं. ग्राफ्टला ती तितकीच मारक. शेवटचं, वारंवार सर्दी किंवा सायनसचा त्रास असेल तर आधी कान-नाक-घसावाल्यांना दाखवा.

नंतरची पथ्यंही जरा वेगळी आहेत. दोन-तीन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची, स्ट्रॉने काही ओढायचं नाही, विमान टाळायचं. आणि माझ्या छापील कागदावर नंतर पेनने वाढवलेलं वाक्य: कपालभाती, भस्त्रिका, जलनेती बंद. एका काकूंनी सगळी पथ्यं पाळली आणि पाचव्या दिवशी पहाटे नेमाने कपालभाती केली. गाल फुग्यासारखा फुगला, कातडीखाली हवा शिरली होती. आपोआप उतरली, पण तो आठवडा दोघांनाही जड गेला. आरतीला शंख फुंकणारं घरात कोणी असेल तर त्यांनाही हेच लागू.

खर्चाचा कागद मागताना भुकटी, मेम्ब्रेन, इम्प्लांट आणि कॅप वेगवेगळं लिहून घ्या. या सगळ्या वस्तूंच्या खोक्यावर बॅच नंबरचा स्टिकर असतो. तो आईंच्या फाइलला चिकटवून मागा. दहा वर्षांनी स्क्रू सैल झाला तर कुठल्या कंपनीचं हत्यार लागणार हे त्यावरूनच कळतं, आणि तेव्हा आम्ही निवृत्त झालेलो असू शकतो.

राहिली उजवीकडची हलणारी दाढ. डावीकडच्याला आठ वर्षं झालीत, त्यात आणखी दोन महिने गेले तर काही बिघडत नाही. घाई असलीच तर ती या दाढेची आहे, आणि तीही काढण्याची नाही, काय करायचं ते ठरवण्याची. आधी हिरड्यांच्या डॉक्टरकडून मोजून घ्या की ती वाचण्यासारखी आहे का. पायोरियात थोड्या हलणाऱ्या दाढा साफसफाईनंतर कित्येक वर्षं टिकलेल्या मी पाहिल्यात. काढावीच लागली, तर त्याच बैठकीत त्या खड्ड्यात ग्राफ्ट घालून वरून झाकायला सांगा. सॉकेट प्रिझर्वेशन म्हणतात त्याला, दहा-पंधरा मिनिटांचं जास्तीचं काम. हाडाची झीज पूर्ण थांबत नाही, पण बरीच कमी होते. आणि काढणारे डॉक्टर दाढ उपटताना गालाकडची भिंत मोडणार नाहीत, मुळं सुटी करून एकेक काढतील, एवढं त्यांच्याशी आधी बोलून ठेवा. डावीकडच्या दाढा काढताना हे कोणी केलं असतं तर आज तुमचा प्रश्न कदाचित चार ओळींत संपला असता.